रॉथ्सचाइल्ड यांच्या उद्यानातून निसटलेला प्राणी

बाल्फोर जाहीरनामा म्हणून इतिहासात गाजलेले १९१७ सालचे पत्र ज्यांच्या नावे लिहिले गेले, ते लॉर्ड वॉल्टर रॉथ्सचाइल्ड राजकारणापेक्षा प्राण्यांतच अधिक रमले. ८ फेब्रुवारी १८६८ रोजी लंडनमध्ये, जगविख्यात पेढीच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. आपण मोठेपणी प्राण्यांचे संग्रहालय काढणार, हे त्यांनी सातव्या वर्षीच घरच्यांना सांगून टाकले होते. हर्टफर्डशायरमधील ट्रिंग येथे वडिलांनी २१व्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना संग्रहालयाची इमारत बांधून दिली. १८९२ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले.

काही वर्षे पेढीवर बसूनही त्यांचे मन हिशेबात लागले नाही. ट्रिंगच्या विस्तीर्ण उद्यानात कांगारू, एमू, ऱ्हीया आणि महाकाय कासवे मोकळी हिंडत. झेब्रे जुंपलेली त्यांची गाडी लंडनच्या रस्त्यांवरून बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत गेली आणि लोक चकित झाले. पायाच्या धारदार नखाने माणसाला जायबंदी करू शकणारा कॅसोवरी पक्षी त्यांच्या विशेष प्रेमाचा होता. त्यावर त्यांनी १९०० मध्ये विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला. धोका कोठून येऊ शकतो, हे विचारले असते तर बहुधा कोणीही या पक्ष्याकडेच बोट दाखवले असते.

धोका आला तो मात्र अगदी वेगळ्या वाटेने. १९०२ मध्ये 'ग्लिस ग्लिस' या शास्त्रीय नावाचे, युरोप खंडातून आणलेले काही प्राणी ट्रिंगच्या उद्यानातून बाहेर पडले. खारीसारखी झुपकेदार शेपटी, राखाडी अंग, मोठे डोळे. प्राचीन रोममध्ये हा प्राणी पोसून खाल्ला जाई. दिवसा दडणाऱ्या, वर्षातील सहा-सात महिने झोपून काढणाऱ्या या चिमुकल्या जिवाची कोणाला भीती वाटावी? चिल्टर्न टेकड्यांच्या बीचवनांत मात्र त्याचे चांगलेच फावले. मूठभर प्राण्यांची संतती हजारोंच्या घरात गेली. घरांच्या माळ्यांवर वस्ती करणे, विजेच्या तारा कुरतडणे, फळबागांची नासाडी करणे, झाडांची साल सोलणे हे त्याचे उपद्व्याप आजही सुरू आहेत. १९८१ च्या ब्रिटिश कायद्यानुसार तो मोकळा सोडता येत नाही आणि परवान्याविना सापळा लावून पकडताही येत नाही. माळ्यावर रात्रभर चाललेला त्याचा गोंधळ घरमालकाला निमूटपणे ऐकावा लागतो.

रॉथ्सचाइल्ड निष्काळजी हौशी नव्हते. त्यांच्या संग्रहातून असंख्य नव्या जाती विज्ञानाला ज्ञात झाल्या. जिराफाच्या एका प्रकाराला त्यांचे नाव मिळाले. नामशेष पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक अडचणीमुळे १९३२ मध्ये पक्ष्यांचा बहुतांश संग्रह न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला विकावा लागला, तेव्हा ते खचून गेले. २७ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. उरलेला संग्रह मृत्युपत्रान्वये राष्ट्राला मिळाला. ट्रिंगचे ते संग्रहालय आजही अभ्यासकांचे तीर्थस्थान आहे.

खासगी प्राणिसंग्रहाची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांपुढे कुंपण ओलांडणारा वाघ येतो. वाघ दिसतो, म्हणून त्याचा शोध तरी घेता येतो. ट्रिंगहून निसटलेला प्राणी कोणाच्या नजरेतही भरला नव्हता. एवढ्या जाणकार माणसाच्या कुंपणातूनही जे सुटले, ते १०० वर्षे उलटूनही परत आणता आलेले नाही. केवळ हौसेखातर परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी रॉथ्सचाइल्ड यांच्या चरित्रातील एवढे एक पान तरी वाचावे.