विल्यम मॉरिस

विल्यम मॉरिस (२४ मार्च, इ.स. १८३४ – ३ ऑक्टोबर, इ.स. १८९६) हे इंग्लिश कवी, कादंबरीकार, आकृतिबंधकार, मुद्रक आणि समाजवादी कार्यकर्ते होते. जुन्या वास्तूंच्या जतनाचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. आधुनिक अद्भुतरम्य कादंबरीच्या प्रवर्तकांमध्येही त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

मॉरिस यांचा जन्म एसेक्समधील वॉल्थमस्टो येथे एका सधन कुटुंबात झाला. तांब्याच्या खाणीच्या समभागांतून वडिलांना मोठी संपत्ती मिळाली होती. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात शिकत असताना चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांच्याशी त्यांची आजन्म मैत्री जडली. धर्मोपदेशक होण्याचा विचार सोडून ते कलेकडे वळले. इ.स. १८५९ मध्ये जेन बर्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

रेड हाउस

वास्तुविशारद फिलिप वेब यांनी मॉरिस यांच्यासाठी केंटमधील बेक्सलीहीथ येथे लाल विटांचे घर बांधले. भिंती आणि सामान सजवण्याचे काम मित्रमंडळींनी मिळून केले. या सहकार्यातूनच इ.स. १८६१ मध्ये गृहसजावटीची पेढी स्थापन झाली. मात्र आयुष्यभरासाठी म्हणून बांधलेले हे घर त्यांना पाच वर्षांतच, इ.स. १८६५ मध्ये, सोडावे लागले.

केल्म्सकॉट मॅनर

इ.स. १८७१ मध्ये मॉरिस व कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी यांनी ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्सकाठची ही जुनी दगडी वास्तू संयुक्तपणे भाड्याने घेतली. जेन आणि रोझेटी यांच्यातील जवळीक मॉरिस यांना ठाऊक होती. त्या उन्हाळ्यात त्या दोघांना तेथे ठेवून ते आइसलँडच्या प्रवासास गेले. रोझेटी इ.स. १८७४ मध्ये तेथून कायमचे निघून गेले. मॉरिस यांचा या घराशी संबंध अखेरपर्यंत टिकला. तेथील बागेत स्ट्रॉबेरी पळवणारे कस्तूर पक्षी त्यांच्या इ.स. १८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ या प्रसिद्ध छापील कापडावर आढळतात.

वास्तुजतन आणि समाजवाद

जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या इमारतींचे मूळ रूप नष्ट केले जात असल्याचे पाहून त्यांनी इ.स. १८७७ मध्ये प्राचीन वास्तुसंरक्षण संस्था स्थापन केली. नव्याने घडवण्याऐवजी नियमित डागडुजी करून वास्तू टिकवावी, अशी तिची भूमिका होती. हस्तकौशल्याच्या वस्तू केवळ श्रीमंतांनाच परवडतात, ही विसंगती त्यांना बोचत असे. इ.स. १८८३ मध्ये ते समाजवादी चळवळीत सामील झाले.

कादंबरीलेखन

‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ (इ.स. १८९०) या कादंबरीत भविष्यकाळातील वर्गविहीन इंग्लंडचे चित्रण आहे. तिच्यातील थेम्सवरचा प्रवास केल्म्सकॉटसारख्याच एका जुन्या घरापाशी संपतो आणि तेथेच निवेदकाचे स्वप्न विरते. ‘द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज’मध्ये एका गॉथिक टोळीचे सामायिक दालन कथेच्या केंद्रस्थानी आहे. ‘द वुड बियाँड द वर्ल्ड’ (इ.स. १८९४) आणि ‘द वेल ॲट द वर्ल्ड्‌स एंड’ (इ.स. १८९६) या कादंबऱ्या पूर्णतः कल्पित भूमीत घडतात. जे.आर.आर. टॉल्किन यांनी मॉरिस यांचे ऋण मान्य केले आहे. सी.एस. लुईस हेही त्यांचे चाहते होते.

मृत्यू आणि वारसा

मॉरिस यांचे लंडनमधील हॅमरस्मिथ येथील राहत्या घरी निधन झाले. दफन केल्म्सकॉट गावातील चर्चच्या आवारात झाले. केल्म्सकॉट मॅनर त्यांच्या हयातीत भाड्याचेच राहिले. जेन यांनी ते इ.स. १९१३ मध्ये विकत घेतले. पुढे कन्या मे यांनी इ.स. १९३८ पर्यंत तेथे वास्तव्य केले. सध्या ही वास्तू लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे, तर रेड हाउस नॅशनल ट्रस्टकडे आहे.