डॉ. विल्यम ग्लेन लिस्टन

स्मरणिकेत आपण ज्यांची चरित्रे वाचतो ते बहुधा संत, समाजसुधारक किंवा देशभक्त असतात. डास आणि पिसवा यांच्यामागे लागून ज्याने आयुष्य घालवले अशा माणसाचे चरित्र मंडळाच्या पानांत कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. पण आपल्या दिघोरीभोवती तलाव आहेत, बोड्या आहेत, पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्याने तुडुंब असतात. हिवतापाची हुडहुडी भरली म्हणून गोधडीवर गोधडी पांघरावी लागली नाही, असे घर जुन्या पिढीत शोधूनही सापडणे कठीण. त्या तापाच्या डासांची ओळख पटवण्याचे मोठे काम आपल्याच विदर्भात, एलिचपूरला म्हणजे आजच्या अचलपूरला झालेले आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ते काम करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. लिस्टन.

विल्यम ग्लेन लिस्टन यांचा जन्म १८७२ सालचा. ते स्कॉटिश. वैद्यकीचे शिक्षण पुरे करून एकोणिसावे शतक संपत आले असता ते लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. त्या काळी सैन्यातल्या डॉक्टराला शिपायांचे ताप पाहण्यावाचून दुसरे काम थोडे असे. १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू वाढताना पाहिले होते, आणि ताप वाईट हवेने येतो ही जुनी समजूत मोडली होती. तरी एक प्रश्न उरलाच होता. डास ताप आणतो हे खरे, पण कोणता डास? आपण सगळ्यांना सरसकट डासच म्हणतो आणि सारख्याच रागाने चापट मारतो. रॉस यांनासुद्धा आपल्या डासाचे नेमके नाव तेव्हा सांगता आले नव्हते. पंखांवर ठिपके असलेला, एवढेच ते सांगू शकले.

लिस्टन यांनी हाच प्रश्न हाती घेतला. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एलिचपूरच्या छावणीत त्यांनी सबंध वर्षभर डासांवर नजर ठेवली. कोणत्या पाण्यात कोणत्या डासाची पिल्ले वाढतात, कोणता कोणत्या महिन्यात दिसतो, हे त्यांनी पाहिले. १९०१ साली त्यांनी आपली माहिती वैद्यकाच्या मासिकात छापली. तीत काही डासांची वर्णने अगदी नवी होती. एकाच्या पायांवर व सोंडेशेजारच्या अवयवांवर बारीक पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे दिसत. हिवतापाचे दुसरे अभ्यासक डॉ. स्टीफन्स यांच्यावरून त्याला अॅनॉफिलिस स्टिफेन्साय हे नाव मिळाले. दुसऱ्या एका डासाला लिस्टन यांनी तर्खड हे मराठी नाव दिले. हे डॉ. तर्खड म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घराण्यातले. डासाला आपले नाव मिळणे हा मान समजावा की थट्टा, असे आपल्याला वाटेल. शास्त्रज्ञांत तो मानच समजतात. १९०४ साली लिस्टन यांनी डॉ. जेम्स यांच्याबरोबर हिंदुस्थानातील अॅनॉफिलिस डासांवर ग्रंथ लिहिला आणि गावोगावच्या डॉक्टरांना डास ओळखण्याचे साधन मिळाले.

परंतु त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग यापुढचा आहे, आणि तो समजण्यासाठी आधी मुंबईत काय घडले होते ते सांगितले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता तो पुण्यास पोचला. पुढच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याजवळच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा हे कोणालाच माहीत नव्हते. ते माहीत नसल्याचा सारा जाच लोकांच्या वाट्याला आला. घरांत शिपाई शिरले, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली, कौले उतरवली गेली. स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभे करून काखा-जांघांतल्या गाठी तपासण्यात येत, आणि त्यातून बायकाही सुटल्या नाहीत. त्या दिवसांत घराण्यातल्या वडील बायकांनी काय सोसले असेल ते लिहून ठेवायला कोणी बसले नाही. आणि इतके करूनही रोग हटला नाही.

खेड्यातल्या लोकांना मात्र एक गोष्ट ठाऊक होती. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि रानात झोपडी घालून राहायचे. उंदराचा व रोगाचा संबंध त्यांनी अनुभवाने जोडला होता. मधला दुवा तेवढा दिसत नव्हता. १८९८ साली फ्रान्सचे डॉ. सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून तो दुवा पिसू आहे असे सांगितले. मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानले नाही. पहिला मान सिमाँ यांचाच, हे लिस्टन यांच्या चरित्रातसुद्धा सांगायलाच हवे.

लिस्टन मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा हा वाद जवळजवळ विझला होता. डासांच्या अभ्यासाने त्यांना एक सवय लागली होती. किडा दिसला की तो कोणत्या जातीचा हे आधी पाहायचे. राणीच्या बागेत पाळलेले गिनीपिग प्लेगने मेले तेव्हा त्यांनी त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. त्या उंदरांच्या पिसवा निघाल्या. पुढे एका मोठ्या चाळीत उंदीर पडू लागले आणि काही दिवसांनी पिसवांनी माणसांना हैराण केले. खोल्या सोडून लोक बाहेर व्हरांड्यात निजू लागले, तरी त्यांत प्लेग सुरू झालाच. लिस्टन यांनी तेथल्या माणसांच्या अंगावरून ३० पिसवा पकडवल्या. त्यांतल्या १४ उंदरांच्या होत्या. एरवी, प्लेग नसताना, माणसांवरून पकडलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू अवघी एक आढळली होती. उंदीर मेला, अंग थंड पडले, की भुकेली पिसू दुसरे ऊबदार अंग शोधते, आणि ते माणसाचे असते. लोक घर सोडून रानात जात त्यात इतके शहाणपण होते!

हे त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडले व १९०५ साली ते छापून निघाले. त्याच वर्षी प्लेगच्या संशोधनासाठी नवे मंडळ नेमले गेले आणि लिस्टन त्याचे सभासद झाले. परळच्या आवारात मुद्दाम कौलारू खोल्या बांधून त्यांत प्रयोग झाले. पिसवा नसलेल्या जागेत प्लेगचे व निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, तेव्हा निरोग्यांना काही झाले नाही. प्लेग झालेल्या माद्यांचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा वाचली. पिसवा सोडल्या की रोग पसरला. पिंजरा जमिनीवर ठेवला तर आतला प्राणी मरे. पिसवेला उडून पोचता येणार नाही इतका उंच टांगला तर जगे. पिसू फार तर चार-पाच इंच उडते. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरले होते. ती माकडेही वाचली. या मुक्या जिवांचे हाल वाचून मन कळवळते, पण स्पर्शाने, मलमूत्राने किंवा हवेने गाठीचा प्लेग येतो की काय, हा संशय या खोल्यांतून कायमचा गेला. रोग्याला शिवणारी सून किंवा आई दोषी नव्हती.

पिसू चावते म्हणजे नेमके काय होते ते १९१४ साली इंग्लंडात बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले. जंतूंच्या गोळ्याने पिसवेचा घसा बुजतो, रक्त पोटात जात नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि तुंबलेले रक्त जंतूंसकट परत जखमेत सोडते. कोलंबोला डॉ. हर्स्ट यांनी दाखवले की उंदरांवरच्या साऱ्या पिसवाही सारख्या नव्हेत. एक जात प्लेग जोरात पसरवते, तिची चुलतबहीण फारशी पसरवत नाही.

ज्ञान झाले म्हणून मरण लगेच थांबले असे मात्र नाही. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने गेली. लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. विषारी धुराने उंदीर-पिसवा मारण्याचे उपाय त्यांनी करून पाहिले, आणि त्यांच्याच काळात तेथे डॉ. तर्खड यांनी नारूवर काम केले. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव असतो, त्याच्या पोटातून नारू माणसात येतो. पाणी फडक्याने गाळून घेण्याची आपल्याकडची रीत नारूवर खरोखर गुणकारी होती. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. प्लेग मात्र पुरता गेला नाही; १९९४ साली आपल्या राज्यात बीड जिल्ह्यात तो पुन्हा दिसला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे. लिस्टन १९५० साली वारले.

एलिचपूरच्या त्या ठिपकेवाल्या डासाचे पुढे काय झाले तेही सांगते. मुंबईत १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी पाहिले तेव्हा शहरातला हिवताप विहिरींत व टाक्यांत वाढणारा हाच डास पसरवीत होता. १९३७ साली स्वीट आणि राव यांनी त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अंड्याच्या दोन्ही कडांना तरंगण्यासाठी पोकळ्या असतात, त्यांवर रेघा असतात. शहरातल्या डासांच्या अंड्यांवर रेघा जास्त, खेड्यातल्यांच्या अंड्यांवर कमी निघाल्या. शहरातला ताप पसरवतो. खेड्यातला बहुतेक गुराढोरांवर जगतो. एकाच जातीतून दोन वेगळ्या वाटा फुटाव्यात तसा हा प्रकार आहे. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणाऱ्या दुसऱ्या डासाच्या, क्युलिसिफॅसिसच्या, बाबतीत तर १९८० नंतर असे आढळले की वरून हुबेहूब दिसणाऱ्या पाच जाती एकाच नावाखाली दडल्या होत्या, आणि त्या सगळ्या सारख्या धोक्याच्या नाहीत.

स्टिफेन्साय मात्र आता समुद्रापार गेला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला, नंतर इथिओपियात. तेथली मंडळी आता पाण्याच्या पिंपांवर झाकणे घालीत आहेत. त्या डासाचे नाव शास्त्राच्या पुस्तकांत पुरे लिहायचे झाले की त्याच्यापुढे ज्याने प्रथम वर्णन केले त्याचे नाव व साल लिहिण्याची पद्धत आहे; म्हणून तेथेही लिस्टन, १९०१ असेच लिहितात.