रेणूंचा ताण ओळखणारे बायर

'स्ट्रेन' म्हटलं की आपल्याला सबमिशनचा आठवडा आठवतो. पण रेणूंनाही ताण असतो! तो ओळखणारे अ‍ॅडॉल्फ फॉन बायर आपल्याला फर्स्ट इयरच्या लॅबमध्येच भेटलेत. टायट्रेशनला गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन त्यांनीच १८७१ मध्ये प्रथम बनवलं.

बायर यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ चा, बर्लिनचा. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी. त्रिकोणांचे कोन मोजून जमिनीचा नकाशा करणं हे त्यांचं काम. मुलाला मात्र लहानपणापासून केमिस्ट्रीचं वेड. हायडेलबर्गला बुन्सेन आणि केक्युले यांच्याकडे शिकून १८७५ मध्ये ते म्युनिकला प्राध्यापक झाले. निळीच्या रेणूचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवून १८८३ मध्ये त्यांनी त्याची रचना मांडली.

१८८५ मध्ये त्यांनीही कोनच मोजले, पण रेणूंचे! कार्बनच्या बंधांना आपापसात सुमारे १०९ अंशांचा कोन हवा असतो. तीन कार्बनांच्या कड्यात तो ६० होतो, म्हणजे बंध जबरदस्तीने वाकवलेले. म्हणून ते कडं पटकन फुटतं. चारच्या कड्यात ९०, ताण थोडा कमी. पाचात १०८, जवळजवळ आराम!

गोची पुढे झाली. सगळी कडी सपाट असतात असं बायर धरून चालले. मग सहाच्या कड्यात कोन १२० येतो आणि पुन्हा ताण हवा. प्रत्यक्षात ते कडं एकदम टिकाऊ! १८९० मध्ये हेर्मान झाक्से या तरुणाने सांगितलं की हे कडं खुर्चीसारखं दुमडलं तर ताण राहतच नाही. पण त्याचं गणित फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८९३ मध्ये, ऐन तिशीत तो गेला.

बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं. २० ऑगस्ट १९१७ ला ते वारले. पुढच्याच वर्षी एर्न्स्ट मोर यांनी हिऱ्याच्या रचनेचा आधार घेऊन झाक्सेची बाजू उचलून धरली. १९२६ मध्ये रुझिच्का यांनी दाखवलं की कस्तुरीच्या सुगंधी रेणूत तर चक्क पंधरा कार्बनांचं कडं आहे!

म्हणून बायर चुकले का? लहान कड्यांसाठी त्यांचा विचार आजही शिकवतात. चुकलं ते फक्त गृहीतक. त्या खुर्चीचा टॉप व्ह्यू काढा, षटकोनच दिसेल. एवढा मोठा माणूस, पण साइड व्ह्यू बघायचा राहून गेला. पुढची ड्रॉइंग शीट काढताना एवढं लक्षात ठेवूया!