शिकायला आलेला विजेता

शिक्षक मित्रांनो, पालकहो, हंगेरीचे नेमबाज कारोय टाकाच यांची गोष्ट तुम्ही मुलांना जिद्दीची म्हणून सांगितली असेल. १९३८ साली लष्करी सरावात हातबॉम्ब फुटला आणि नेम धरायचा उजवा हातच गेला. मग गुपचूप डाव्या हाताने सराव, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद! महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. वाट बघता बघता वय ३८ झालं.

मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. १९४८ ला लंडनमध्ये अर्जेंटिनाचे विश्वविजेते कार्लोस दियाझ यांनी त्यांना सहज विचारलं, की तुम्ही इथे कसे? आपण शिकायला आलोय, एवढंच टाकाच यांनी सांगितलं. आणि रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ५८० गुण, नवा विश्वविक्रम, सुवर्णपदक! रौप्य कोणाला? कार्लोस यांनाच. रुसवा नाही, उलट तुमचं शिकून झालंय, असं ते पदक घेताना हसून म्हणाले.

१९५२ ला हेलसिंकीत टाकाच पुन्हा जिंकले. कार्लोसही स्पर्धेत होते. आता मला शिकवा, असं त्यांनी या जुन्या प्रतिस्पर्ध्याला सांगितल्याची आठवण अजून सांगतात.