अल्बेरुनी : काटकोन त्रिकोणाने पृथ्वी मोजणारे विद्वान

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी हे नाव आपल्या मुलांना बहुधा इतिहासाच्या पुस्तकात भेटते. गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानाची माहिती लिहून ठेवणारा प्रवासी, एवढी ओळख परीक्षेपुरती पाठ केली जाते आणि पान उलटले जाते. वास्तविक ही थोर व्यक्ती भूमितीच्या तासालाही आठवली पाहिजे. समरूप त्रिकोणांचे जे प्रकरण विद्यार्थ्यांना कोरडे आणि कंटाळवाणे वाटते, त्याच प्रकरणाच्या आधारे अल्बेरुनींनी सावली मोजली, डोंगर मोजला आणि शेवटी पृथ्वीही मोजली.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी, म्हणजे हिजरी सन ३६२ मध्ये, ख्वारिझमच्या काथ या राजधानीच्या परिसरात झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात आहे. फारसीत बेरून म्हणजे बाहेरचा भाग. शहराबाहेरच्या वस्तीत जन्मलेले म्हणून ते बेरुनी झाले, असे सांगितले जाते. राजघराण्यातील थोर गणिती अबू नस्र मन्सूर हे त्यांना गुरू म्हणून लाभले. गुरूने विद्या दिली आणि शिष्याने ती लगेच कामाला लावली. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी सूर्याची माध्यान्हीची उंची मोजून काथचे अक्षांश काढले होते. आपल्याकडे या वयाची मुले बारावीत असतात.

पण पुढची वाट सोपी नव्हती. ९९५ मध्ये ख्वारिझमवर राज्यक्रांतीचे संकट कोसळले आणि या तरुणाला जन्मभूमी सोडावी लागली. रय्, गुरगान अशा ठिकाणी आश्रय शोधत त्यांनी दिवस काढले, तरी अभ्यासात खंड पडू दिला नाही. ९९७ मधील एका चंद्रग्रहणाच्या वेळी त्यांनी काथमध्ये आणि अबुल वफा या गणितज्ञांनी बगदादमध्ये वेध घेतला. दोन्ही नोंदींतील वेळेच्या फरकावरून या दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर काढता आले. शेकडो कोसांवरचे दोन विद्वान एकाच रात्री एकच काम करीत होते.

१०१७ मध्ये महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि तेथील विद्वानांबरोबर अल्बेरुनींनाही गझनीस नेले. परक्या दरबारात सुखसोयी नव्हत्या, साधने नव्हती. १०१८ च्या ऑक्टोबरात काबूलजवळच्या एका खेड्यात सूर्याची उंची मोजायची होती, पण जवळ यंत्र नव्हते. त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूला अंशांच्या खुणांसह वर्तुळाचा कंस आखला, त्याला ओळंबा लावला आणि वेध घेतला. आज कंपासपेटीतील एखादी वस्तू हरवली म्हणून गृहपाठ अडणाऱ्या मुलांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता त्यांच्या त्रिकोणांकडे वळू. उभी काठी, तिची जमिनीवरची सावली आणि टोकाला टोक जोडणारा सूर्यकिरण मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. त्याच वेळी शेजारच्या मिनाराचाही असाच त्रिकोण होतो. सूर्यकिरणांचा कोन एकच, म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप. काठी ३ फूट, तिची सावली ४ फूट आणि मिनाराची सावली ८० फूट असेल, तर मिनार ६० फूट उंच. मिनारावर चढण्याची गरजच नाही. अल्बेरुनींनी सावल्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि त्यात नमाजांच्या वेळांचाही विचार केला. वस्तूची मूळ माध्यान्हसावली सोडून सावली वस्तूएवढी वाढली की शाफई मताने असरची वेळ सुरू होते, तर हनफी मताने ती दुप्पट वाढल्यावर. आपल्या कोकणातील शाफई घरांत आणि घाटावरील हनफी घरांत असरच्या वेळेत जो फरक दिसतो, त्यामागे हाच त्रिकोण उभा आहे.

दुसरा त्रिकोण डोंगराचा. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. तो आज पाकिस्तानात आहे. तेथील एका डोंगराची उंची अल्बेरुनींना हवी होती. त्यांनी कडांवर समान भाग पाडलेली चौरस फळी घेतली आणि तिच्या एका कोपऱ्यात फिरती पट्टी बसवली. फळीची एक कड थेट शिखराच्या रोखाने धरायची आणि मग शेजारच्या कोपऱ्यातील पट्टी फिरवून तिच्यावरूनही तेच शिखर पाहायचे. पट्टी समोरच्या कडेवर एक लहानसा तुकडा कापते. फळीवर एक चिमुकला काटकोन त्रिकोण तयार होतो आणि शिखरापर्यंत एक विशाल काटकोन त्रिकोण पसरतो. दोन्ही समरूप! म्हणून तो तुकडा आणि फळीची बाजू यांचे जे गुणोत्तर, तेच फळीची बाजू आणि शिखराचे अंतर यांचे. फळीची बाजू ही येथे भूमितीमध्य ठरते. अंतर कळल्यावर ओळंब्याच्या साहाय्याने तसाच आणखी एक त्रिकोण मांडायचा की उंची हाती येते. ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली.

तिसरा त्रिकोण सर्वांत मोठा. त्याच डोंगरावर चढून त्यांनी दूरचे क्षितिज पाहिले. नजर आडव्या रेषेपासून किंचित खाली झुकते. हा अवनत कोन ३४ कला, म्हणजे सुमारे अर्धा अंश निघाला. क्षितिजाकडे जाणारी दृष्टिरेषा ही पृथ्वीची स्पर्शिका, आणि स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या तिला लंब. म्हणजे पृथ्वीचा मध्य, क्षितिजाचा बिंदू आणि शिखर यांचा काटकोन त्रिकोण झाला. पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोनही तेवढाच ३४ कला. एक बाजू पृथ्वीची त्रिज्या आणि कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची. कोन माहीत, उंची माहीत, म्हणून त्रिज्या निघाली. नवव्या शतकात खलिफा मामून यांच्या ज्योतिर्विदांनी वाळवंटात प्रत्यक्ष चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. अल्बेरुनींना ते काम एका शिखरावर उभे राहून करता आले.

त्यांचे उत्तर एका अंशाला सुमारे ५६ मैल आले आणि मामूनी ज्योतिर्विदांचे ५६ पूर्णांक २/३ मैल होते. येथे या विद्वानाचा खरा मोठेपणा दिसतो. स्वतःच्या युक्तीचा डंका न पिटता, त्या लोकांची साधने अधिक सूक्ष्म होती हे मान्य करून त्यांनी जुनेच माप ग्राह्य धरले. आज काही जण उत्साहाच्या भरात त्यांचे उत्तर आधुनिक मापाशी तंतोतंत जुळल्याचे सांगतात. त्यांचा हात नेमका किती लांब होता याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही आणि क्षितिजाकडून येणारा किरण हवेतून थोडा वाकतो. अशा अतिशयोक्तीची त्यांना गरज नाही. ज्याने आपले उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहिले, त्याचा गौरव आपणही ताडून पाहिलेल्या शब्दांतच करावा.

हे सारे लिहिलेला त्यांचा ग्रंथ १०२५ मध्ये पूर्ण झाला. गझनीचे स्थान ठरवून तेथून किब्ल्याची दिशा अचूक काढणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. दीन आणि इल्म यांच्यात त्यांना भिंत दिसली नाही. ज्ञान कोणाचे आहे हेही त्यांनी पाहिले नाही. ते संस्कृत शिकले, पंडितांशी चर्चा केल्या, पतंजलीचा योगग्रंथ अरबीत आणला आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची जी हानी झाली, तीही त्यांनी त्यात लपवली नाही.

विद्यार्थी मित्रहो, भूमितीच्या परीक्षेआधी वहीतील दहा उदाहरणे पाठ करून अकरावे सुटत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. काठीचा, डोंगराचा आणि पृथ्वीचा त्रिकोण हे या दृष्टीने एकाच जातीचे उदाहरण आहे. फक्त पोशाख वेगळा. आकृती काढा, काटकोन शोधा, कोणता कोन दोन्हीकडे समान आहे ते पाहा आणि संगत बाजू नीट जुळवा. एवढे साधले तर अकरावे उदाहरणही ओळखीचे वाटेल. पालकांनीही मुलाला किती गुण मिळाले हे विचारण्याबरोबर, कोणते गणित अडले आहे हेही कधी विचारावे.

१०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या घटकेविषयी एक कथा सांगितली जाते. एक फकीह मित्र भेटीस आले असता अल्बेरुनींनी त्यांच्याकडे वारसाहक्काच्या वाटणीचा एक जुना प्रश्न काढला. अशा अवस्थेत कशाला, असे मित्राला वाटले. पण न समजता जाण्यापेक्षा समजून जाणे बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. मित्राने प्रश्न उलगडून सांगितला आणि निरोप घेतला. ते रस्त्यावर पोहोचतात तोच घरातून रडण्याचा आवाज आला.