लाल मणी, पांढरे मणी

टनभर उसातून साखर किती निघाली, याला आपल्याकडे उतारा म्हणतात. तसा उतारा प्रत्येक कारखान्याला असतो. शंभर नग करायला घेतले, तर दुरुस्तीला न पाठवता पहिल्याच खेपेला धड किती उतरले, तो हा आकडा. तो घसरला की साहेबाची नजर कामगाराकडे वळते. ती नजर दुसरीकडे वळवण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले. त्याचे नाव विल्यम एडवर्ड्स डेमिंग.

१४ ऑक्टोबर १९०० रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यात, सू सिटी येथे डेमिंग यांचा जन्म झाला. बालपण वायोमिंगमधल्या पॉवेल गावी ओढगस्तीत गेले. शिकत असताना उन्हाळी सुट्टीत त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केले. तिथे टेलिफोनची यंत्रे बनत. १९२८ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. वॉल्टर श्यूहार्ट हे गुरूही भेटले. उताऱ्यात रोजचा चढउतार असायचाच. तो नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला तरच खास कारण शोधावे, हे श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये आलेख काढून दाखवले होते.

१९५० मध्ये युद्धाने होरपळलेल्या जपानने डेमिंग यांना बोलावले. अभियंत्यांना आणि कारखानदारांना त्यांनी हेच शिकवले. व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन त्यांनी घेतले नाही. त्यातूनच १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले. मायदेशाला मात्र त्यांची खरी ओळख पटली ती १९८० मध्ये, दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमामुळे. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

आपल्या वर्गात ते एक खेळ मांडत. डब्यात ३,२०० पांढरे मणी आणि ८०० लाल. श्रोत्यांतले सहा जण कामगार व्हायचे. पन्नास खळग्यांच्या फळीने मणी उचलायचे. पांढरा तो चांगला माल, लाल तो खराब. कुणाला सात लाल येत, कुणाला तेरा. डेमिंग कडक मुकादम होऊन एकाची पाठ थोपटत, दुसऱ्याला दम देत, तिसऱ्याला घरी पाठवत. उतारा मात्र ८० टक्क्यांच्या आसपासच घुटमळे. लाल मणी डब्यातच होते, आणि डबा भरण्याचे काम कामगाराकडे नव्हतेच!

बँकेत अधिकारी असताना चुका मोजून मीही कारकुनांना मेमो दिले आहेत. खिडकीवरची झुंबड, पुसट व्हाउचरे, अपुरी माणसे, हा डबा मला तेव्हा दिसला नाही. ज्यांना मेमो दिले, त्यांतले काही चेहरे अजून आठवतात.

२० डिसेंबर १९९३ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी डेमिंग गेले. अखेरच्या वर्षापर्यंत ते वर्ग घेत होते.