फाशीची शिक्षा चुकवून लंडनला पळाले, अन् ग्रंथालयांना सूची करायला शिकवलं

पुस्तक ग्रंथालयात आहे, पण कुठे ते कळत नाही. मग ते असून उपयोग काय? या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेल्या माणसाचं नाव अँतोनियो पानिझी.

पानिझींचा जन्म १७९७ साली इटलीतल्या मोदेना संस्थानातला. शिक्षण वकिलीचं. सत्तेविरुद्धच्या गुप्त संघटनेत असल्यामुळे १८२२ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. मागे त्यांच्या गैरहजेरीत खटला चालला, मृत्युदंड झाला. कहर म्हणजे, सरकारने खटल्याच्या खर्चाचं बिलही त्यांना पाठवलं!

इंग्लंडमध्ये इटालियनच्या शिकवण्या घेत त्यांनी दिवस काढले. १८३१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि १८३७ मध्ये ते छापील पुस्तकांच्या विभागाचे प्रमुख झाले.

श्रीमंत माणूस हवं ते पुस्तक विकत घेऊ शकतो. गरीब विद्यार्थ्यालाही ते तितक्याच सहज मिळालं पाहिजे, असं पानिझींचं म्हणणं होतं. त्यासाठी नुसती पुस्तकं पुरेशी नव्हती, भरवशाची सूची हवी होती.

म्हणून पानिझी आणि सहकाऱ्यांनी ९१ नियम तयार केले. ते १८४१ मध्ये छापले गेले. टोपणनावाने लिहिलेलं पुस्तक कुठे नोंदवायचं? लेखकाचं नावच नसेल तर? भाषांतर कुठे ठेवायचं? सगळ्याची उत्तरं ठरली.

पण काम संथ चाललं. छापून आला तो फक्त 'ए' अक्षराचा खंड. लोक वैतागले. थॉमस कार्लाइलसारख्या बड्या लेखकानेही तक्रार केली. १८४७ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. एवढा तपशील हवाच कशाला, थोडक्यात यादी करा, असं टीकाकारांचं म्हणणं.

आयोगाचे सचिव जॉन पेन कॉलियर यांनी नमुना म्हणून स्वतःच्याच २५ पुस्तकांची झटपट यादी करून दिली. पानिझींच्या सहकाऱ्याने ती तपासली, तर चुकांचा ढीग निघाला. नोंद चुकली की वाचकाला भलतीच आवृत्ती मिळते, हे सिद्ध झालं. १८५० च्या अहवालात आयोगाने पानिझींची बाजू उचलून धरली.

१८७९ मध्ये पानिझी वारले. संपूर्ण सूचीची छपाई त्यानंतर, १८८१ मध्ये सुरू झाली आणि १९०० मध्ये पूर्ण झाली.

आज मोबाईलवर लेखकाचं नाव टाकलं की त्याची पुस्तकं, आवृत्त्या, भाषांतरं एकत्र दिसतात. त्या सोयीची पायाभरणी या ९१ नियमांनी केली.